घर आणि पेढी : एकाच गाडीत माल आणि माणसे

व्यापारी कुटुंबाच्या दारात उभी असलेली गाडी दोन धन्यांची चाकरी करीत असते. सकाळी तिने बाजार समितीतून साखरेची पोती आणि तेलाचे डबे आणावेत आणि सायंकाळी त्याच बैठकीवर आजी, सुना व नातवंडे यांना घेऊन लग्नघरी पोहोचावे, अशी तिच्याकडून अपेक्षा असते. शनिवारी रात्री दुकान वाढवल्यावर घरातील कोणीतरी केरसुणी घेऊन गाडीत शिरतो. बैठकीच्या फटीत अडकलेली तूरडाळ निघते, सांडलेल्या साखरेवर जमलेल्या मुंग्या निघतात, आणि मग रविवारी पहाटे कुटुंब कुंथलगिरीला निघते. नवी गाडी घ्यायची वेळ आली की याच दोन कामांची ओढाताण घरात सुरू होते. पेढीवर बसणाऱ्याला जागा हवी असते, घर सांभाळणारीला सुरक्षितता हवी असते, आणि गल्ला सांभाळणाऱ्याला दोन्ही गोष्टी कमी पैशांत हव्या असतात.

एका पिढीपुरता हा प्रश्न मारुतीच्या व्हॅनने सोडवून टाकला होता. १९८४ मध्ये आलेली आणि पुढे ओम्नी या नावाने ओळखली गेलेली ही गाडी म्हणजे चाकांवरची एक पेटी होती. ७९६ सीसीचे इंजिन पुढच्या बैठकीखाली, बाजूला सरकता दरवाजा, मागे सपाट जागा. उन्हाळ्यात चालकाच्या मांड्या भाजत. पण तिच्यात काय मावत नसे, हे सांगणे कठीण होते. कापडाचे तागे, लग्नाचे रुखवत, शाळेची मुले, दवाखान्यातला रुग्ण असे सारे तिने वाहिले. सुरक्षेचे नवे नियम पुढच्या बाजूला नाक नसलेल्या त्या बांधणीला पेलणारे नव्हते, म्हणून २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. गाडी गेली, परंतु तिने लावलेली सवय मात्र घराघरांत राहिली : मागची बैठक दुमडायची, माल भरायचा, आणि उरलेल्या जागेत माणसे बसवायची.

या सवयीची खरी किंमत शोरूममध्ये कळत नाही. ती विम्याच्या कागदावर लिहिलेली असते, आणि तो कागद बहुतेक घरांत न वाचताच कपाटात जातो. प्रायव्हेट पासिंगच्या, म्हणजे पांढऱ्या पाटीच्या गाडीच्या विमापत्रात वापराच्या मर्यादा दिलेल्या असतात. गाडी भाड्याने देण्यासाठी वापरायची नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच यादीत मालवाहतुकीसही मनाई असते. तिला अपवाद दोनच : व्यापाराचे नमुने आणि प्रवाशांचे वैयक्तिक सामान. कापडाचा व्यापारी नमुन्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरला तर तो मर्यादेच्या आत आहे. त्याच गाडीत त्याने विक्रीचे वीस गठ्ठे भरले आणि वाटेत अपघात झाला, तर गाडीच्या नुकसानीचा दावा अडवून धरण्यास विमा कंपनीला छापील आधार मिळतो. ‘माल आमचाच होता, भाडे घेतले नाही’ हे उत्तर येथे पुरेसे ठरतेच असे नाही.

मग ट्रान्सपोर्ट पासिंग करून पिवळ्या पाटीची मालवाहू व्हॅन घ्यावी, असे कोणी म्हणेल. मालासाठी तो सरळ मार्ग आहे, आणि समजला जातो तितका किचकटही नाही. एकूण भारित वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार परमिटची गरज नसते. फिटनेस मात्र काढावे लागते. नव्या गाडीला आठ वर्षे होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. चालवण्याच्या परवान्याविषयी पूर्वी वाद होता. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी तो मिटवला : हलक्या मोटार वाहनाचा साधा परवाना असलेली व्यक्ती ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडीही चालवू शकते. मुलाकडे मोटारीचा परवाना असेल, तर पेढीची छोटी व्हॅन त्याला चालवता येते.

अडचण येते ती माणसांची. मालवाहू गाडीत कोणी बसावे, याबाबत कायदा अगदी काटेकोर आहे. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी मालाबरोबर प्रवास करीत असेल, तर १९९४ च्या दुरुस्तीपासून त्याला सक्तीच्या विम्याचे छत्र मिळते. बाकीच्यांना ते नाही. न्यू इंडिया अश्युरन्स विरुद्ध आशा राणी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये हे स्पष्ट केले की मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही. या वाक्याचा घरगुती अर्थ समजून घेतला पाहिजे. दुकानाचा धनी पोत्यांबरोबर बसला तर त्याला संरक्षण आहे. त्याच गाडीत मागे बसलेली त्याची पत्नी, आई आणि शाळेतून वाटेत घेतलेला मुलगा यांना नाही. भरपाई द्यायची झाली तर ती गाडीच्या मालकाने, म्हणजे त्याच कुटुंबाने, स्वतःच्या खिशातून द्यायची.

तेव्हा खरेदीचा पहिला प्रश्न कोणती कंपनी, किती मायलेज, हा नसून पाटी कोणत्या रंगाची, हा आहे. पांढरी पाटी घेतली तर ती माणसांची गाडी आहे आणि तिच्यातून किरकोळ सामान जाईल. पिवळी घेतली तर ती मालाची गाडी आहे, आणि तिच्यात कुटुंब बसणार नाही. दोन्ही कामे अर्धी अर्धी करणारी तिसरी पाटी आरटीओकडे मिळत नाही.

हा प्रश्न सुटला की वजनाकडे वळावे. गाडीत किती मावते हे डोळ्यांनी ठरते. किती पेलते हे आरसी बुकातील दोन आकड्यांवरून ठरते. रिकाम्या गाडीचे वजन आणि एकूण भारित वजन यांतील फरक हीच तिची खरी ताकद. त्या फरकात चालक आणि प्रवासीही मोजायचे असतात, आणि नेमके हेच बहुधा विसरले जाते. समजा, हा फरक ५०० किलो आहे. चालक आणि हमाल यांचे १३० किलो वजा केले तर ३७० उरतात. साखरेचे पोते ५० किलोचे; सात पोती ३५० किलोंची झाली. आठव्या पोत्याला जागा दिसत असली तरी ते चढवायचे नाही. उलट पाच मोठी माणसे बसली तर ३२५ किलो तिथेच संपले. उरलेल्या १७५ मध्ये कपड्यांच्या बॅगा, पाण्याचा जार आणि स्वयंपाकाची भांडी बसवायची आहेत. सीएनजीच्या गाडीत सिलिंडरचे वजन गाडीच्याच वजनात धरलेले असल्याने हा फरक आणखी घटतो. माहितीपत्रकात तो ठळक अक्षरांत छापलेला नसतो. विचारून घ्यावा लागतो. मर्यादेपेक्षा अधिक माल सापडल्यास २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे, पण दंडापेक्षा घाटातील तापलेले ब्रेक अधिक महाग पडतात.

माल आणि माणसे एकत्र बसवण्याचा धोका समजण्यासाठी एक छोटेसे गणित पुरेसे आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी समोर काही आडवे आल्याने एकदम थांबली, तर मागे मोकळे ठेवलेले पोते थांबत नाही. ते त्याच वेगाने पुढे येते. त्याच्यातील जोर सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, पडणाऱ्या पोत्याइतका असतो. पुढच्या रांगेत बसलेल्या मुलाच्या पाठीमागे पातळ फोमची पाठ आणि तिच्यामागे तेलाचे डबे, ही रचना दुकानापासून घरापर्यंतच्या दोन किलोमीटरांतही करू नये. मालवाहू व्हॅनमध्ये चालकामागे पोलादी जाळी किंवा पडदी असते ती याच कारणासाठी. प्रवासी गाडीत सामान न्यायचेच झाले, तर जड वस्तू तळाशी, बैठकीच्या पाठीला टेकवून आणि पट्ट्याने बांधून न्याव्यात. मोकळ्या ठेवू नयेत.

आता बाजारात काय आहे ते पाहू. ओम्नीची जागा घेण्यास २०१० मध्ये आलेली ईको आजही कमी पैशांतल्या व्यापाऱ्याची पहिली निवड आहे. १.२ लिटरचे इंजिन पुढच्या बैठकीखाली आणि ओढ मागच्या चाकांना, ही तिची रचना मालासाठी सोयीची आहे. वजन मागे पडले की ओढणाऱ्या चाकांची पकड वाढते आणि गाडी चढ चढते. पावसाळ्यात रिकामी असताना मात्र मागची बाजू हलकी पडते, तेव्हा वळणावर संयम हवा. लांबी ३,६७५ मिलिमीटर असल्याने पेठेतल्या बोळात ती सहज वळते. सुरक्षेच्या बाबतीत तिचा इतिहास फारसा अभिमानाचा नाही. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेली ईको आदळवून पाहिली, तेव्हा मोठ्यांच्या सुरक्षेसाठी तिला एकही तारा मिळाला नाही. २०२५ पासून प्रवासी ईकोला सहा एअरबॅग मिळू लागल्या. जुनी ईको स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्याने या दोन सालांमधले अंतर ध्यानात ठेवावे. सात आसनांची ईकोही आता गेली असून तिच्या जागी सहा आसनांची आली आहे. सात जणांच्या घराला हा एक मनुष्य कमी पडतो.

त्या सातव्या माणसासाठी रेनॉची ट्रायबर आहे. २०१९ मध्ये आलेल्या या गाडीची तिसरी रांग मुळातच काढता येण्याजोगी बनवली आहे. सातही आसने लावली की मागे ८४ लिटरच जागा उरते, म्हणजे दोन पिशव्या. तिसरी रांग काढून घरी ठेवली की ती ६२५ लिटर होते. ईकोची बैठक पान्याने उचकटून काढणे आणि ही रांग काढणे यांत फरक आहे. पहिले म्हणजे आरसी बुकातील नोंदीविरुद्ध केलेला बदल, दुसरे कंपनीनेच दिलेली सोय. २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅपकडून तिला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले. तिची उणीव इंजिनात आहे. एक लिटर, तीन सिलिंडर आणि साधारण ७२ अश्वशक्ती. सात माणसे बसवून घाट चढताना दुसऱ्या गिअरवर रेंगाळावे लागते. शिवाय ओढ पुढच्या चाकांना असल्याने मागे जड सामान ठेवले की तिचे नाक हलके होते. पोत्यांसाठी ती नाहीच.

एर्टिगा या दोघींहून सुखाची, पण २२ सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी बदलानंतर दरातील अंतर नजरेत भरते. चार मीटरच्या आतील आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल व सीएनजी गाड्यांवर आता १८ टक्के कर आहे. एर्टिगा या दोन्ही मर्यादांच्या बाहेर असल्याने तिच्यावर ४० टक्के. छोट्या मालवाहू गाड्यांवरही १८ टक्केच. निव्वळ मालासाठी ईको कार्गो किंवा २००५ पासून ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखला जाणारा टाटा एस ही नावे वाचकांच्या परिचयाची आहेत. त्यांवर अधिक लिहिण्याची गरज नाही.

कराचा विषय निघाला की पेढीवर एक चूक हटकून होते. गाडी दुकानाच्या नावावर घेतली की जीएसटीचे क्रेडिट मिळेल, असे गृहीत धरले जाते. चालकासह १३ आसनांपर्यंतच्या प्रवासी गाडीवर स्वतःच्या व्यापारासाठी असे क्रेडिट मिळत नाही; तिच्या विम्यावर आणि दुरुस्तीवरही नाही. मालवाहू गाडीवर ते मिळते. करापूर्वीची किंमत ५ लाख रुपये असलेली मालवाहू व्हॅन घेतली, तर ९०,००० रुपयांचा कर नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला विक्रीवरील करातून वळता करता येतो. ज्यांनी कंपोझिशन योजना स्वीकारली आहे त्यांना दोन्हींकडे काही मिळत नाही, म्हणून त्यांनी हा हिशेब मांडूच नये. प्राप्तिकरात घसारा मात्र स्वतःच्या वापराच्या दोन्ही गाड्यांवर १५ टक्केच आहे. ३० टक्क्यांचा दर भाड्याने चालवल्या जाणाऱ्या गाड्यांसाठी आहे. ‘मालगाडी घेतली की दुप्पट घसारा’ हे बाजारात ऐकू येणारे वाक्य अर्धेच खरे आहे. क्रेडिट घेतलेल्या कराच्या रकमेवर पुन्हा घसारा मागता येत नाही, हेही त्याच वहीत लिहून ठेवावे.

इंधनाचा निर्णय सवयीने न घेता किलोमीटरने घ्यावा. कंपनीच्या सांगण्यानुसार ईको पेट्रोलवर लिटरला १९.७१ आणि सीएनजीवर किलोला २६.७८ किलोमीटर जाते. पेट्रोल १०४ रुपये आणि सीएनजी ९० रुपये धरले, तर किलोमीटरमागे १ रुपया ९२ पैशांच्या आसपास बचत होते. दोन गाड्यांच्या किमतीत ९०,००० रुपयांचा फरक धरला तर तो भरून निघण्यास सुमारे ४७,००० किलोमीटर लागतात. रोज ४० किलोमीटर आणि वर्षाचे ३०० दिवस चालणाऱ्या गाडीला त्यासाठी जवळजवळ चार वर्षे हवीत. यापेक्षा कमी फिरणाऱ्याने पेट्रोलच घ्यावे. पंपावरील रांगेत दुकानाची सकाळ जाते आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते, हे खर्च कोणत्याही माहितीपत्रकात नसतात.

जुनी गाडी घेण्यात कमीपणा काहीच नाही. फक्त पाहण्याचा क्रम उलटा ठेवावा : आधी कागद, मग पत्रा, आणि शेवटी इंजिन. कर्जाचा बोजा आरसीवरून उतरला आहे का, बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटची नोंद झाली आहे का, आसनांची संख्या आणि प्रत्यक्ष आसने जुळतात का, हे पाहावे. त्यानंतर सरकत्या दरवाजाची पट्टी आणि मागच्या सतरंजीखालचा तळ बोटांनी दाबून पाहावा. मीठ किंवा ओला भाजीपाला वाहिलेल्या व्हॅनचा तळ आतून खातो आणि वरून रंग देऊन झाकला जातो. १५ वर्षे पूर्ण होत आलेली ओम्नी मोहात पाडते. तिची फेरनोंदणी पाच पाच वर्षांनी करावी लागते आणि एप्रिल २०२२ पासून तिचे शुल्क किमान ५,००० रुपये झाले आहे. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. स्वस्त वाटणारी गाडी अशी हळूहळू किंमत वसूल करते.

आता उदाहरणादाखल बार्शीतील एक किराणा पेढी डोळ्यांसमोर आणावी. घरात आजी-आजोबा, मुलगा, सून आणि दोन नातवंडे अशी सहा माणसे. जड मालाच्या खेपा महिन्यातून सहा, रोजची घरपोच पोहोच दुचाकीवर, आणि आठवड्यातून एकदा सर्वांचा प्रवास. मुलाचा आग्रह मोठ्या ईकोचा : बैठक काढली की पोती, लावली की माणसे. आजोबांनी वही उघडली. टेम्पोच्या खेपेला १,२०० रुपये पडतात असे धरले, तरी महिन्याचे ७,२०० होतात. या पैशांत टेम्पोवाल्याचा विमा, त्याचे फिटनेस, त्याचे टायर आणि त्याचा हमाल, सारे येते. पेढीची स्वतःची मालवाहू व्हॅन घेतली तर हप्ता याच्या पुढे जातो, आणि ती महिन्यातील चोवीस दिवस उभी राहते. खेपा सहाऐवजी वीस असत्या, तर हाच हिशेब उलटला असता आणि पिवळ्या पाटीची कार्गो घेणे शहाणपणाचे ठरले असते. सहा खेपांच्या घराने माणसांची गाडी घ्यावी आणि पोती टेम्पोवर सोडावीत. वहीतील आकडे एवढेच सांगत होते.

सहा आसनांची ईको की ट्रायबर, हे ठरवणे मात्र वहीला जमणारे नव्हते. त्यासाठी आजींना शोरूममध्ये न्यावे लागले. विक्रेता पडद्यावर गाणी कशी लागतात ते दाखवीत होता, आणि आजी पायरीची उंची पाहत होत्या. लुगडे आवरून, एका हाताने दांडी धरून, दुखरा गुडघा वर घेत त्या ईकोत चढल्या. दार सरकते असल्याने आत शिरणे सोपे गेले, पण पाय पुरता उचलावा लागला. ट्रायबरच्या मधल्या रांगेत त्या एका दमात बसल्या. मग त्या उतरल्या, मागच्या रांगेकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘इथे मुलं बसणार ना? पट्टा लावून दाखवा.’ विक्रेत्याने लावून दाखवला. त्यांनी तो दोनदा ओढून पाहिला, आणि तोपर्यंत आजोबांनी बाजार समितीतल्या टेम्पोवाल्याला सोमवारच्या साखरेसाठी फोन लावला होता.